वाढप्याची नजर

चंद्रपूरच्या कडेला, जुन्या चुनाभट्ट्यांच्या मागं बेलदारपुरा नावाची वस्ती आहे. तिथली माणसं गारवा योजनेच्या यंत्राला ‘वाढपी’ म्हणायची. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं चोख ठेवलं. पंगतीत वाढपी पानापानावरून नजर फिरवत जातो, कोणाचं पान रिकामं दिसलं की तिथं वाकतो आणि वाढतो. यंत्राचंही तसंच होतं, फक्त ते वरणभात वाढत नव्हतं, गारवा वाढत होतं.

योजना समजायला सोपी होती. प्रत्येक पत्र्याच्या घरावर फुकटात सोलर पॅनल बसवून दिलेलं. सगळ्या पॅनलांची वीज समाजमंदिरातल्या एका मोठ्या बॅटरीत जायची. घराघरात भिंतीवर एक गारवापेटी, म्हणजे लहानसा एसीच म्हणा ना. आता सगळ्या पेट्या एकदम चालतील एवढी बॅटरी गरिबाच्या वस्तीला कोण देतो? म्हणून मग वाटणी आली. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा. तो अंगाचा ताव, घाम आणि नाडीचे ठोके मोजायचा, आणि ज्या घरातलं माणूस सगळ्यात जास्त धोक्यात, त्या घराची पेटी वाढपी सुरू करायचा. माणूस निवला की वीज पुढच्या घरी.

मोनाली दुर्गे या वस्तीची गारवाताई. पाच वर्षांपूर्वी ती घरोघर फिरून लोकांना योजनेत आणायची, तेव्हा लोक तिला उडवून लावत. “सरकारी पेटी हाय ना? मग नगरसेवकाच्या साळ्याच्या घरी चालन,” असं म्हणत. तेव्हा मोनाली कमरेवर हात ठेवून सांगायची, “अवो काकू, हितं कोणाचा वशिला चालत नाई. माणसाचा हातच लागत नाई वाटणीले. नागपूरच्या सायबानं म्हटलं तरी वीज इकडची तिकडं होत नाई.” हे वाक्य तिनं इतक्या दारांत म्हटलं होतं की तिचा नवरा ट्रकवर निघताना तिची नक्कल करून दाखवायचा. आणि ते खरंही होतं. त्या पाच वर्षांत बेलदारपुऱ्यात उष्माघातानं एकही माणूस गेलं नाही. मोनालीला त्याचा केवढा अभिमान होता! का नसावा?

फक्त एक गोष्ट होती, आणि ती वस्तीतल्या प्रत्येक बाईला माहीत होती.

चुलीपुढं किंवा शेगडीपुढं बाई भाकरी थापायला बसली की पट्टा कोकलायला लागे. मग फोन वाजे आणि आतून गोड आवाज येई, “ताई, तुम्ही धोक्यात आहात, काम थांबवा.” काम थांबवा! घरात खाणारी तोंडं ताट घेऊन बसलेली, आणि काम थांबवा म्हणे. वर बांगड्यांखाली पट्टा रुतायचा, घामानं मनगटाला पुरळ उठायचं. म्हणून बायांनी स्वयंपाकाच्या वेळी पट्टा काढून माठावरच्या ओल्या फडक्याला टांगायला सुरुवात केली. तिथं तो गप्प बसायचा. पुढं पुढं दुपारभर तिथंच राहू लागला. पुरुष ओट्यावर बसून पट्टे मिरवत, बायांचे पट्टे माठावर. मोनालीचा स्वतःचाही माठावरच असायचा. वाढप्याला कळलं तर काय होईल, असा विचार तिच्या मनात कधी आलाच नाही. मुकाट बसलेल्या पट्ट्यानं कोणाचं काय बिघडतं?

त्या वर्षी मेमध्ये पायल माहेरी आली. पायल म्हणजे मोनालीची नणंद, तिचे सासरे लहानूजी दुर्गे यांचं शेंडेफळ. पहिलं बाळंतपण, आठवा महिना लागलेला. लहानूजींनी सगळी जिंदगी चुनाभट्टीवर काढली होती, बोलणं कमी. पण लेक आली त्या दिवशी ते स्वतः बाजारात जाऊन तिच्यासाठी आंबे घेऊन आले आणि “गोड निंघतीन का नाई, पाह्य बाप्पा,” असं चारदा म्हणाले.

आणि मग ती हवा आली.

चंद्रपूरची माणसं उन्हाला घाबरत नाहीत. सत्तेचाळीस अंश म्हटलं तरी डोक्याला दुपट्टा गुंडाळून बाजारात जातात. पण ते ऊन कोरडं असतं. त्या आठवड्यात पूर्वेच्या समुद्रावरून ओल घेऊन वारा आला आणि वस्तीवर येऊन बसला. पारा बेचाळीसवर होता, पण आभाळावर पांढरट साय धरलेली, पान हलेना, अंगावरचा घाम वाळेना. पॅनलांना पुरतं ऊन मिळेना, त्यामुळं बॅटरी अर्ध्यावर.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोनालीनं माठातून पेला भरला आणि एक घोट घेऊन थुंकला. पाणी कोमट होतं.

प्रशिक्षणात हे तिला शिकवलं होतं. माठातलं पाणी बाहेर झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ती माठाची उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार. माणसाचं अंगही असंच गार राहतं, घामाची वाफ होऊन. पण हवेतच ओल मावेनाशी झाली की वाफ होत नाही. माठ गार होणं थांबला की समजावं, अंगही गार होणं थांबलं. मग सावलीत बसा, पंखा लावा, पाणी प्या, ताव आतल्या आत वाढतच जातो.

“पायल,” तिनं हाक मारली.

पायल आतल्या खोलीत खाली लादीवर पडली होती. सकाळपासून तिला मळमळत होतं. आता तिचे डोळे अर्धवट उघडे होते आणि गाल लालबुंद. मोनालीनं कपाळाला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

“वहिनी, बस आली का?” पायल म्हणाली.

“कोणती बस, बाई?”

“सासरी जायची.”

मोनालीनं भिंतीवरच्या पेटीकडं पाहिलं. पेटी बंद. घरात एक गरोदर बाई तापानं बरळतेय आणि पेटी बंद कशी? तिचं लक्ष माठाकडं गेलं. पायलचा नवा पट्टा फडक्याला लटकत होता. घरातली चाल तिनंही पहिल्याच दिवशी उचलली होती. मोनालीनं तो ओढून पायलच्या मनगटावर चढवला आणि पेटीकडं बघत उभी राहिली. पट्ट्यावर लाल दिवा लागायला हवा होता. पिवळा लागला. पिवळा म्हणजे पट्टा बिघडलेला.

तिनं स्वतःचा पट्टा चढवला. तोही पिवळा.

अँब्युलन्सला फोन लावला तर रांग होती. संध्याकाळ होईल, म्हणाले, आणि दवाखान्यातही माणसं व्हरांड्यात झोपवली आहेत. नळाचं पाणी टाकीत तापून कढत येत होतं. बर्फ दुकानात कालच संपला होता. वस्तीत दोन घरांच्या पेट्या चालू होत्या, पण तिथं आधीच माणसावर माणूस होतं, दारातून आतली हवा तोंडावर गरम येत होती.

मोनाली गल्लीतून धावत सुटली. “बायाहो, पट्टे घाला! माठावरून काढा आन् हातात घाला, आत्ताच्या आत्ता!” बायांनी घातले. घरोघर पिवळे दिवे लागले. मग तिनं नागपूरच्या केंद्राला फोन लावला. तिकडं हर्षल म्हणून एक तरुण इंजिनियर होता, तो तिला ओळखायचा.

“मोनालीताई, तुमच्या वस्तीत काय झालंय?” तोच आधी म्हणाला. “एका मिनिटात सगळ्या बायकांचे पट्टे बिघडले.”

“बिघडले नाई, सर. आता कुठं खरे झाले.” आणि तिनं माठाचं सगळं सांगून टाकलं.

मग हर्षल हळूहळू बोलू लागला. पट्टा कातडीत हिरवा उजेड टाकतो आणि परत आलेल्या उजेडाच्या लहरीवरून ठोके मोजतो. ओल्या फडक्यावरून पाणी झिरपत गेलं की त्यालाही तो नाडी समजतो. त्यामुळं वाढप्याला पाच वर्षं दिसत आलं ते असं, की बेलदारपुऱ्यातल्या बाया भर उन्हाळ्यात गारेगार असतात, नाडी झोपलेल्या माणसासारखी शांत. यंत्र बघून बघून शिकतं. ते शिकलं की या वस्तीतल्या बायकांना ऊन लागतच नाही. आता अचानक सगळ्याजणी एकदम धोक्यात दिसल्यावर त्यानं पाच वर्षांवर विश्वास ठेवला आणि आजच्यावर नाही.

“मग सांगा ना त्याले!” मोनाली ओरडली. “तुमी सायेब हा, बटन दाबा!”

“बटनच नाहीये, ताई. वाटणीत माणसाचा हात नको म्हणून ठेवलंच नाही. ते आपोआप नव्यानं शिकेल, पण पंधरा दिवस तरी जातील.”

“पंधरा दिवस? अवो, इथं पोर तासाभराची नाई!”

“बॅटरीच्या खोलीची चावीही इथंच आहे. मी निघालो तरी तीन तास,” हर्षल म्हणाला. “ताई, घरात असं कोणी आहे का, ज्याच्या पट्ट्यावर यंत्राचा विश्वास आहे? पुरुष कोणी, वयस्कर? त्यांचा पट्टा लाल झाला तर पेटी लगेच...”

आणि तो मधेच थांबला. आपण काय बोललो हे त्याला कळलं असावं. मोनालीलाही कळलं. फोन स्पीकरवर होता, आणि उंबऱ्यापाशी लहानूजी बसले होते, मनगटावर पट्टा, पट्ट्यावर हिरवा दिवा. भट्टीवर मुरलेलं शरीर. सत्तरीतही त्यांना या हवेत नुसता घाम फुटला होता.

“पट्टा काढून पायलच्या हातात घातला तर?” मोनालीनं घाईघाईनं विचारलं.

“नाही चालणार. फडक्यावर दुसरी कुठली नाडी नसते म्हणून तो फसला, पण दुसऱ्या माणसाची नाडी तो लगेच ओळखतो. दुसऱ्याच्या हातात गेला की बंद पडतो.”

लहानूजी उठले. भिंतीला टेकवलेला पाट उचलून ते अंगणात गेले, जिथं पत्र्याची सावली संपत होती त्याच्याही पुढं, आणि सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर पाट टाकून बसले. टोपी काढून बाजूला ठेवली.

“मामाजी, काय करून राहिले तुमी? आत या!”

“राहू दे,” ते म्हणाले. “पेटी लागली का सांग.”

मोनाली दारात उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर. आत पायल कण्हत होती. पेटी बंदच. लहानूजींचं शरीर लवकर हार मानणाऱ्यातलं नव्हतं. बराच वेळ गेला. त्यांची मान लाल झाली, मग काळपट. मोनाली पाण्याचा गडवा घेऊन गेली तर त्यांनी हातानं परतवला.

“पाणी पेलो तर निवन मी. मंग कायचा उपेग?”

“एक घोट तरी घ्या.”

“जाय ना, पोरीपाशी बस.”

तिनं पुन्हा म्हटलं नाही. का म्हटलं नाही, हे तिला तेव्हा कळत होतं. गडवा भरलेलाच घेऊन ती आत आली.

आणि मग भिंतीवर टक् असा आवाज झाला. पेटी लागली. गार हवेचा पहिला झोत खाली आला तेव्हा मोनालीला रडूच कोसळलं. तिनं पायलला ओढत पेटीखाली नेलं, लुगड्याच्या ओल्या पदरानं तिचे पाय पुसले. हळूहळू पायलचा श्वास लांब झाला. तिनं मोनालीकडं पाहिलं आणि म्हणाली, “वहिनी, तहान लागली.” शुद्धीवरच्या माणसाचं बोलणं होतं ते.

मोनाली धावत बाहेर आली. “मामाजी, लागली! बोलली पायल! चला आता आत.”

लहानूजींनी नकारार्थी मान हलवली. त्यांना जे आधीच उमगलं होतं ते तिला बोलल्यावर उमगलं. ते आत आले, निवले, की पट्टा हिरवा होणार आणि वाढपी पुढच्या पानाकडं जाणार. पेटी हवी असेल तर पान रिकामंच दिसलं पाहिजे.

“मंग थोडा वेळ,” मोनाली म्हणाली. तिच्या आवाजातला हा मऊपणा तिचा तिलाच आवडला नाही.

पेटीची घरघर गल्लीत ऐकू गेली होती. बाया पोरांना घेऊन आल्या. मोनाली कोणाला नाही म्हणणार? पहिल्या चार घरच्यांना आत घेतलं. लहानशी खोली, बघता बघता भरली, हवा पुन्हा जड झाली आणि पायल परत धापा टाकू लागली. तेवढ्यात समोरची छबू आली. तिच्या खांद्यावर तिची लहान मुलगी होती, मान टाकलेली.

“मोनाली, इले घे आत. इलेच घे फक्त, मी बाहीर उभी राहतो.”

मोनालीनं आत पाहिलं. लादीवर तीळ ठेवायला जागा नव्हती. दार उघडं होतं तेवढा वेळ गार हवा बाहेर पळत होती. छबू आणि ती एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या होत्या. छबूच्या घरी पेटी बसवताना मोनालीनंच स्टूल धरलं होतं.

“जागा नाई गं, छबू.”

“अवो, लेकरू हाय माहं!”

“जागा नाई,” मोनाली म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

दारावर एकदा थाप पडली. दुसरी पडली नाही. मोनाली दाराला पाठ लावून उभी राहिली. आतली एकही बाई तिच्याकडं बघत नव्हती.

थोड्या वेळानं बाहेर खाट ओढल्याचा आवाज आला. मोनालीनं खिडकीची फट उघडली. छबू आणि तिचा नवरा मिळून खाट अंगणात आणत होते. खाटेवर डोमाजी होते, छबूचा सासरा. दोन वर्षांपूर्वी लकवा मारल्यापासून त्यांना बोलता येत नव्हतं. खाट त्यांनी बरोबर उन्हात ठेवली. डोमाजींचे डोळे उघडे होते, इकडून तिकडं फिरत होते. छबूच्या नवऱ्यानं त्यांच्या तोंडाकडं न बघता पट्टा नीट बसलाय का तेवढं पाहिलं आणि तो आत निघून गेला.

मग पलीकडच्या अंगणातही एक खाट आली. मग त्याच्या पलीकडं. कोणी म्हातारा आपल्या पायांनी येऊन बसला, कोणाला दोघांनी धरून आणलं. पाच वर्षं याच माणसांना सांभाळून ठेवणारी गल्ली होती ही. मोनालीला ओरडावंसं वाटलं, अरे, माणसं आहेत ती! पण कोणत्या तोंडानं ओरडणार? तिच्याच अंगणापासून सुरुवात झाली होती.

भिंतीवर पुन्हा टक् झालं. पेटी बंद पडली.

समोर छबूच्या घरात घरघर सुरू झाली.

“काय झालं?” आतली एक बाई घाबरून म्हणाली. काय झालं हे मोनालीला सांगायला कोणाची गरज नव्हती. वाढप्यापुढं आता एक रिकामं पान नव्हतं, सगळी पंगतच रिकामी बसली होती, आणि तो आपल्या नियमानं सगळ्यात रिकाम्या पानाकडं गेला होता. डोमाजींचं वाळलेलं शरीर लहानूजींच्या आधी तापलं होतं.

“वहिनी,” पायल म्हणाली. तिच्या ओठांचा रंग पुन्हा जाऊ लागला होता. तिनं पोटावर हात धरला. “हालत नाई वहिनी हे. मघापासून हालत नाई.”

मोनाली बाहेर आली. लहानूजी पाटावर तसेच होते, फक्त आता वाकले होते आणि एका हाताचा तळवा फरशीवर टेकला होता. घाम थांबला होता. घाम थांबतो म्हणजे काय होतं, हेही तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. या क्षणी त्यांना सावलीत नेलं, अंगावर पाणी घातलं, तर माणूस वाचतं.

“बंद झाली का?” त्यांनी विचारलं. जीभ जड पडत होती.

मोनालीला खोटं बोलता आलं असतं. चालू आहे, आत चला, असं म्हणता आलं असतं.

“हाव,” ती म्हणाली.

समोर छबू दारातून बाहेर आली. तिच्या हातात चादर होती. तिनं ती डोमाजींच्या अंगावर गळ्यापर्यंत ओढली, कडा खाटेखाली खोचल्या आणि वर पाहिलं. गल्लीच्या दोन बाजूंना उभ्या राहून त्या दोघी क्षणभर एकमेकींकडं बघत राहिल्या.

“काही दे मले पांघराले,” लहानूजी म्हणाले.

“मामाजी...”

“पोरगी हाय का नाई आत? दे.”

मोनाली आत गेली. बायांच्या अंगावरून वाट काढत कोनाड्यापाशी पोचली. वरची गोधडी पातळ होती. ती तिनं बाजूला केली आणि खालची जाड काढली, थंडीतली. बाहेर येऊन तिनं ती लहानूजींच्या डोक्यावरून घेतली, खांद्यांवरून खाली सोडली आणि दोन्ही टोकं त्यांच्या गुडघ्यांखाली दाबली. पट्टा बाहेर राहील एवढी जागा तिनं मनगटापाशी ठेवली. मग ती शेजारी उकिडवी बसली आणि आतली पेटी पुन्हा कधी टक् करते तिकडं कान लावून राहिली.